क्रियापदातील अवयव आणि आघात

१

छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या पोलाद कारखान्यालगतच्या पट्ट्यात, उतई हे छोटेखानी नगर आहे. हा प्रदेश मराठीला अगदी परका नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने १७४१ मध्ये रतनपूर घेतले, तेव्हापासून १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत येथील राज्यकारभाराशी मराठीचा संबंध राहिला. पुढे १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा कारखाना उभा राहू लागला, आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे वस्तीस आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा परिसरात हिंदी 'सीखता है', छत्तीसगढी 'जाथे' आणि मराठी 'शिकतो' ही रूपे एकाच दिवसात कानांवर पडू शकतात. बोलणाऱ्यास त्यांत नवल वाटत नाही. भाषेच्या इतिहासकाराला मात्र येथे एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिलेला दिसतो.

प्रश्न असा. 'सीखता' आणि 'शिकतो' या दोन्ही रूपांचा धातू एकच. संस्कृत 'शिक्षते', प्राकृत 'सिक्खइ' ही त्यांची समाईक पूर्वरूपे. असे असता हिंदीत ईकार दीर्घ का, आणि मराठीत ऱ्हस्व का? शिवाय मराठीतही तो सर्वत्र ऱ्हस्व राहत नाही. 'तू शीक' असा आज्ञार्थ होताच तो दीर्घ होतो. 'ऊठ' आणि 'उठतो', 'पूस' आणि 'पुसतो' या जोड्या अशाच आहेत. धातू तोच, अर्थ तोच. प्रत्यय लागताच स्वर आखडतो आणि प्रत्यय जाताच पसरतो. या आखडण्या-पसरण्यामागे कोणती शक्ती आहे? विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय पंडितांत या प्रश्नावरून गंभीर मतभेद झाला. मराठीच्या प्राचीनत्वाविषयीचे एक मोठे अनुमान त्या मतभेदावर अवलंबून होते. म्हणून त्याची हकीकत मराठी अभ्यासकांनी नीट ध्यानात घेण्याजोगी आहे.

२

या वादात दोन शब्द वारंवार येतात. पहिला 'अवयव', म्हणजे एका श्वासाच्या झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. लेखनातील 'अक्षर' आणि उच्चारातील 'अवयव' नेहमी जुळतातच असे नाही. 'बसतो' या शब्दात अक्षरे तीन, पण बोलताना अवयव दोनच: बस्-तो. दुसरा शब्द 'आघात', म्हणजे शब्दातील एका अवयवावर पडणारा जोर. वैदिक भाषेतील उदात्त हा सुराचा उंचावा होता; त्यास आघात म्हणणे बरोबर नव्हे. हे दोन भाव एकमेकांत मिसळल्यामुळे पुष्कळ घोटाळा झाला.

आघाताचे राज्य कसे असते, हे पाहण्यास इटालियन क्रियापदासारखे दुसरे उदाहरण नाही. त्या भाषेत एकाच वर्णक्रमाची तीन रूपे केवळ जोराच्या जागेने वेगळी होतात. 'कापितो' असे देवनागरीत लिहिता येईल तो शब्द पहिल्या अवयवावर जोर देऊन उच्चारला तर 'मी सहज येऊन पोचतो' असा अर्थ होतो. दुसऱ्यावर दिला तर 'समजलेले', आणि शेवटच्यावर दिला तर 'तो येऊन पोचला'. मराठीतही 'कापितो' हे रूप आहे. परंतु त्याच्या कोणत्याही अवयवावर जोर दिला तरी कापणाराच डोळ्यांपुढे येतो. दोन भाषांच्या प्रकृतीतील अंतर एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

इटालियन आघाताचा उगम लॅटिनच्या एका नियमात आहे. लॅटिनमध्ये जोराची जागा शब्दाच्या शेवटाकडून मोजीत. उपान्त्य अवयव गुरू असला तर जोर त्याच्यावर. लघू असला तर त्याच्या मागच्यावर. म्हणजे आघात हा मुळात मात्रेचा चाकर होता. पुढे लॅटिनची ऱ्हस्वदीर्घाची व्यवस्था मोडली, मालक गेला आणि चाकर गादीवर बसला. आज इटालियनमध्ये 'पाहणे' या अर्थाच्या 'व्हेदेरे' शब्दात जोर मधल्या अवयवावर आहे, आणि 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या 'क्रेदेरे' शब्दात तो पहिल्यावर. वर्तमान उच्चारात या भेदाचे कारण सापडत नाही. लॅटिनमध्ये पहिल्याचा उपान्त्य स्वर दीर्घ होता आणि दुसऱ्याचा ऱ्हस्व, हे त्याचे कारण. मात्रा लोपली, तिची आठवण आघाताने जतन केली.

आघाताबरोबर स्वरही बदलतो. 'तो बसतो' यास 'सिएदे', परंतु 'आम्ही बसतो' यास 'सेदियामो'. जोर धातूवर असताना मूळचा एकार फुटून 'इए' होतो; जोर प्रत्ययाकडे सरकताच तो पुन्हा साधा राहतो. 'तो मरतो' हे 'मुओरे', तर 'आम्ही मरतो' हे 'मोरियामो'. येथे अवयवविभागाचाही संबंध येतो. 'सिएदे'च्या पूर्वरूपात पहिला अवयव स्वरान्त, म्हणजे उघडा होता: से-देत्. म्हणून तो स्वर फुटला. 'तो गमावतो' या अर्थाच्या 'पेर्दे'त पहिला अवयव रेफाने बंद झालेला आहे: पेर्-दे. तेथे जोर असूनही स्वर जसाच्या तसा राहिला. अवयव उघडा की बंद, आणि त्यावर जोर आहे की नाही, या दोन गोष्टींनी इटालियन धातूचे रूप ठरते.

'सिएदे–सेदियामो' आणि 'शीक–शिकतो' या जोड्या शेजारी मांडल्या की साम्य मनात भरते. युरोपीय पंडितांच्या मनात ते भरले यात आश्चर्य नाही; ते लॅटिनच्या अभ्यासातच वाढलेले होते. याहून जुनाही एक दुवा आहे. मराठीचे पहिले मुद्रित व्याकरण रोम येथेच छापले गेले. धर्मप्रसाराच्या छापखान्यातून १७७८ मध्ये निघालेले ते पुस्तक पोर्तुगीज भाषेत होते. तत्पूर्वी फादर स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये राचोल येथे छापले गेले होते. लॅटिनच्या साच्यातून आपल्या क्रियापदाकडे पाहण्याची परंपरा अशी बरीच जुनी आहे.

३

प्रत्यक्ष वाद प्राकृतापासून सुरू झाला. हेर्मान याकोबी यांनी १८९३ मध्ये असे प्रतिपादन केले की, अभिजात संस्कृतात आणि प्राकृतांत वैदिक उदात्ताची जागा एका नव्या आघाताने घेतली होती, आणि तो लॅटिनप्रमाणे शब्दाच्या शेवटाकडून, मात्रांच्या हिशेबाने ठरत असे. रिखार्ड पिशेल यांना हे सर्व प्राकृतांविषयी मान्य नव्हते. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्राकृत व्याकरणात त्यांनी माहाराष्ट्री, अर्धमागधी यांसारख्या प्राकृतांत वैदिक स्वराचेच अवशेष आहेत अशी भूमिका घेतली. माहाराष्ट्रीचे नाव येथे येताच प्रश्न मराठीच्या दाराशी आला.

तो दाराच्या आत आणला राल्फ टर्नर यांनी. बनारसच्या क्वीन्स कॉलेजात अध्यापन केलेल्या या तरुण विद्वानाचा मराठीतील प्राचीन आघातासंबंधीचा निबंध १९१६ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. गुजराती, हिंदी आदी भाषांत याकोबींच्या नमुन्याचा नवा आघात दिसतो. मराठीच्या स्वरांत मात्र अतिप्राचीन स्वरव्यवस्थेचा माग लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. या मताचा अर्थ फार मोठा होता. ऋग्वेदाच्या पठणात जो उदात्त ऐकू येतो, त्याची छाया शेतकऱ्याच्या बोलण्यातील ऱ्हस्वदीर्घात आजही सापडते, आणि तीही भगिनीभाषांना सोडून मराठीतच, असा तो दावा होता.

ज्यूल ब्लोक यांनी हा मार्ग स्वीकारला नाही. मराठीच्या घडणीवरील त्यांचा प्रबंध १९१४ मध्ये तयार झाला आणि युद्धामुळे १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. वा. गो. परांजपे यांनी १९४१ मध्ये 'मराठी भाषेचा विकास' या नावाने तो मराठीत आणला. ब्लोक यांच्या मते स्वरांच्या या बदलांना आघाताची गरज नव्हती. अवयवाचे शब्दातील स्थान आणि त्याचे वजन एवढ्यावर त्यांची उपपत्ती लागत होती. सुराचा उदात्त सूर म्हणूनच मावळला. त्याचा जोरात अवतार झाल्याचे मानण्यास आधार नव्हता.

पुढील मराठी अभ्यासकांना हा वाद कोरड्या तपशिलाचा वाटला, आणि कृ. पां. कुलकर्णी यांच्या 'मराठी भाषा: उद्गम व विकास' (१९३३) सारख्या ग्रंथांनी भाषेच्या इतिहासाची चर्चा अधिक व्यापक पटावर नेली. तथापि वाद निकालात निघाला असे म्हणता येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिल्यानंतर प्राचीनत्वाच्या पुराव्यांविषयीचे औत्सुक्य वाढणे स्वाभाविक आहे. टर्नर यांचा सिद्धान्त अशा वेळी मोहक वाटतो. म्हणूनच तो क्रियापदाच्या कसोटीवर घासून पाहणे अगत्याचे ठरते.

४

वैदिक क्रियापदात स्वरामुळे धातूचे रूप बदलत होते, हे निर्विवाद आहे. 'एमि' म्हणजे मी जातो. येथे उदात्त धातूवर. 'इमः' म्हणजे आम्ही जातो. येथे उदात्त प्रत्ययावर, आणि धातूचा एकार इकारापर्यंत क्षीण झालेला. 'अस्मि–स्मः' हे तसेच. 'सिएदे–सेदियामो'शी हे साम्य अगदी जवळचे आहे. पण पुढे काय झाले? प्राकृतांनी ही चढउतार असलेली रूपे बहुतांशी टाकून दिली आणि एकच धातुरूप सर्व पुरुषांत चालविले. आणखी एक अडचण आहे. पाणिनीच्या आठव्या अध्यायातील नियमाप्रमाणे मुख्य वाक्यातील क्रियापद, त्याच्यापूर्वी नाम किंवा अव्यय आले असता, सर्वस्वी अनुदात्त होते. ज्या शब्दवर्गास वाक्यात बहुधा स्वरच नव्हता, त्याच्या स्वराने तीन हजार वर्षे टिकून राहावे, ही कल्पना क्रियापदापुरती तरी दुर्बळ ठरते.

वैदिक चढउताराचा जो ठेवा मराठी क्रियापदात खरोखर उरला आहे, तो वेगळ्या रूपात आहे. 'तुटणे–तोडणे', 'फुटणे–फोडणे', 'पडणे–पाडणे', 'जळणे–जाळणे' या जोड्या पाहाव्यात. क्षीण स्वराचे रूप अकर्मक आणि बळकट स्वराचे सकर्मक, अशी येथे वाटणी झाली आहे. उदात्त कधीच गेला. त्याने पाडलेला स्वरभेद व्याकरणाने अर्थासाठी कामास लावला. 'तुटणे'तील टकार आणि 'तोडणे'तील डकार यांचा भेद तर निव्वळ अवयवविभागाचा आहे. 'त्रुट्यति'पासून प्राकृतात 'तुट्टइ' झाले. त्याचा विभाग तुट्-ट-इ असा. पहिला अवयव बंद, म्हणून टकार जोडाच्या आधाराने टिकला. 'त्रोटयति'मध्ये विभाग त्रो-ट असा, म्हणजे पहिला अवयव उघडा. दोन स्वरांत एकटा सापडलेला टकार कोमल होऊन डकार झाला. 'फुटणे–फोडणे' येथेही तीच कथा.

प्राकृतातील हे जोड पुढे सुटे झाले, आणि त्यांची गेलेली मात्रा मागच्या स्वराने भरून काढली. 'लग्गइ'चे 'लागे', 'नच्चइ'चे 'नाचे', 'मग्गइ'चे 'मागे' झाले. लग्-ग-इ यात मात्रा चार; ला-गे यातही चार. अवयव तीनांचे दोन झाले, पण वजनाचा हिशेब बिघडला नाही. 'सिक्खइ', 'पुच्छइ' यांच्या वाट्याला मात्र निराळा नियम आला. मराठीत इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घत्व स्थानावर अवलंबून राहू लागले: शब्दाच्या शेवटच्या अवयवात दीर्घ, त्याच्या आधी ऱ्हस्व. 'शीक' हा उच्चारात एकच अवयव. तोच शेवटचा, म्हणून दीर्घ. 'शिक्-तो' यात तो शेवटचा उरला नाही, म्हणून ऱ्हस्व. हिंदीने स्थानाचा हा नियम केला नाही आणि 'सीखता', 'पूछता' यांतील दीर्घ स्वर राखला. अ आणि आ यांचा भेद मराठीतही स्थानाधीन नाही. म्हणून 'चाल' आणि 'चालतो' यांत बदल होत नाही.

या नियमाचा सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे 'करीत–करितो' ही जोडी. सकर्मक धातूंच्या जुन्या रूपांत इकाराचा आगम असे: करितो, मारितो, सोडितो. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ मधील व्याकरणापासून मो. के. दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत (१९११) या रूपांची दखल घेतली गेली आहे. 'करीत'मध्ये हा स्वर शेवटच्या अवयवात पडतो आणि दीर्घ राहतो. 'करितो'मध्ये तो मधे अडकतो, ऱ्हस्व होतो आणि अखेर नाहीसा होतो: 'करतो', उच्चारात कर्-तो. इटालियनमध्येही मधला दुर्बळ अवयव असाच गळाला. 'मी पाहीन' या अर्थाचे 'व्हेदेरो' आखडून 'व्हेद्रो' झाले. तेथे पुढील अवयवावरच्या जोराने त्याला चिरडले. मराठीत तसा जोर दाखविता येत नाही. मधल्या जागेचाच तो दोष होता.

स्थानाचा हिशेब शेवटाकडून होतो, हे आणखी एका गोष्टीवरून दिसते. 'समजतो'चा उच्चार स-मज्-तो असा होतो. मकारातील अकार उच्चारला जातो आणि जकारातील लोपतो. 'समजावतो' म्हणताच विभाग सम्-जाव्-तो असा बदलतो आणि मकारातील अकार लोपतो. 'बसतो'त सकाराचा अकार जातो, 'बसवतो'त तोच परत येतो आणि वकाराचा जातो: ब-सव्-तो. शेवटी काय जोडले आहे यावर मधल्या अक्षराचे भवितव्य ठरते. लॅटिनमध्ये जे गणित जोराची जागा ठरविण्यास उपयोगी पडे, तसेच शेवटून मोजण्याचे गणित मराठीत स्वरांच्या लोपास लागू पडते. याकोबींना लॅटिनची आठवण व्हावी यात म्हणून काही अंशी तथ्य होते; मोजण्याची दिशा त्यांनी बरोबर ओळखली होती. त्या मोजणीतून आघात निर्माण झालाच पाहिजे, हे मात्र सिद्ध होत नव्हते.

५

क्रियापदाच्या इतिहासात सहायक धातूचे एकजीव होणे ही आणखी एक मोठी घटना. येथे इटालियन, मराठी आणि छत्तीसगढी या तिन्ही एकमेकींशेजारी पाहता येतात. लॅटिनमधील 'कान्तारे हाबेओ' म्हणजे 'मला गायचे आहे'. त्यापासून इटालियन 'कान्तेरो', म्हणजे 'मी गाईन', हे रूप आले. त्यातील जोर शेवटच्या अवयवावर आहे, कारण तो अवयव पूर्वीचा स्वतंत्र सहायक धातू होय. देह संपला तरी त्याने जोर सोडला नाही.

छत्तीसगढीत 'जात हे' यापासून 'जाथे' झाले. येथे सहायकाने जोर ठेवला नाही. त्याचा हकार मागील तकारात मिसळला आणि त-ह यांचा थकार बनला. उतईच्या आसपास रोज ऐकू येणाऱ्या या रूपात दोन शब्दांची गाठ एका व्यंजनात बांधलेली आहे. धमतरीचे हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ मध्ये छत्तीसगढीचे व्याकरण लिहिले, आणि ग्रियर्सन यांनी १८९० मध्ये ते इंग्रजीत आणले. हिंदीच्या कोणत्याही बोलीला पंडितमान्यता दुर्मिळ असण्याच्या काळातील हे काम आहे. पुढे ग्रियर्सन यांनी भाषासर्वेक्षणात बस्तरकडील हलबीला १९०५ च्या मराठीच्या खंडात जागा दिली. मराठीची सीमा कोठे संपते, हे ठरविणे या भागात किती अवघड आहे, याचीच ती कबुली होती.

मराठीत 'करितो आहे'चे 'करतोय', 'गेला आहे'चे 'गेलाय', 'आले आहे'चे 'आलंय' झाले. 'आहे' या दोन अवयवांच्या शब्दाचा केवळ यकार उरला आणि तो मागच्या अवयवाचे दार बंद करून बसला. 'जाथे' आणि 'जातोय' यांची वाट एक आहे: सहायक मागच्या शब्दावर रेलतो आणि अवयवांची नवी मांडणी होते. 'कान्तेरो'ची वाट निराळी. आघातप्रधान भाषेत सहायक जोर घेऊन आत शिरतो. मात्राप्रधान भाषेत तो जोराविना आत विरतो. क्रियापदाच्या दोन वेगळ्या नियती येथे दिसतात.

६

या सर्वांवरून काव्य आणि लेखन यांविषयी काही निष्कर्ष निघतात. 'बसतो' अक्षरगणवृत्तात घातला तर लघु, लघु, गुरू असा मोजला जातो. बोलताना तो गुरू, गुरू होतो. गणवृत्ताच्या दृष्टीने हा विरोध आहे, आणि म्हणून वृत्तबद्ध कविता म्हणताना जिभेस लोपलेले अकार पुन्हा उभे करावे लागतात. मात्रांच्या दृष्टीने मात्र दोन्ही बाजू चारच आहेत. 'समजावतो' अक्षरांनी मोजला तर मात्रा सात. सम्-जाव्-तो असा मोजला, आणि 'जाव्'मधील अन्त्य व्यंजनास एक मात्रा दिली, तरी सातच. माधव जूलियन यांनी 'छंदोरचने'त (१९३७) मात्रावर्तनी जातींचा जो विस्तृत विचार केला, त्या जाती आधुनिक मराठी कवितेस एवढ्या मानवल्या, याचे एक कारण येथे असावे. जातिरचनेत लेखनातील अक्षर आणि बोलण्यातील अवयव यांचे भांडण मात्रेच्या बेरजेत मिटते. इटालियन कवीला ओळीत अवयव मोजावे लागतात आणि ठराविक जागी आघात साधावा लागतो; मराठी कवीचा कान वजन तोलतो.

शुद्धलेखनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, पण ऱ्हस्वदीर्घाचे नियम ठेवले. हे ऱ्हस्वदीर्घ संस्कृताने लादलेले जू आहे, अशी तक्रार त्यानंतरही होत आली. तत्सम शब्दांपुरती तीत काही सत्यता असेल. 'शीक–शिकतो', 'ऊठ–उठतो', 'करीत–करितो' यांच्याविषयी ती टिकत नाही. येथील नियम मराठीने स्वतः घडविला; तो संस्कृतातही नाही आणि हिंदीतही नाही. जे स्थानावरून आपोआप कळते ते लिहावे कशाला, असा सुधारकांचा प्रतिप्रश्न असतो, आणि तो तर्कदृष्ट्या सबळ आहे. त्याचे उत्तर तर्कापेक्षा परिस्थितीत आहे. ज्यांच्या घरी मराठी आणि शाळेत हिंदी, अशा भिलाई-उतईकडील मुलांच्या डोळ्यांपुढे 'सीखता', 'पूछता' ही रूपे आधी येतात. मराठीचा स्थाननियम त्यांच्या कानाला आपोआप मिळेल याची शाश्वती नाही. अशा वाचकाला लेखनातील ऱ्हस्व इकार हा उच्चाराचा मार्गदर्शक ठरतो.

राहिला प्राचीनत्वाचा प्रश्न. टर्नर यांनी मराठीस दिलेला मान क्रियापदाच्या साक्षीने तरी टिकत नाही. ब्लोक यांचा संयम अधिक खरा ठरतो. यात मराठीचे काही उणे झाले असे मानण्याचे कारण नाही. वैदिक उदात्त जपून ठेवणे हे वारशाचे काम झाले असते. तो हरवल्यावर उरलेल्या स्वरभेदातून सकर्मक-अकर्मकाची व्यवस्था लावणे, सुटलेल्या जोडाची मात्रा स्वरात भरून काढणे, आणि शब्दाच्या शेवटाकडून प्रत्येक अवयवाचे वजन ठरविणे, हे घडणीचे काम आहे. 'शिकतो' या साध्या रूपातील ऱ्हस्व इकारात त्या घडणीची सुमारे दोन हजार वर्षे साठलेली आहेत.